ठरलेल्या गोष्टीचा शेवट कोण लिहितो? तमाशाच्या वगापासून जेऊरच्या ‘सैराट’पर्यंत

परिवर्तनवादी मंचांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते. आपला समाज सिनेमात, मालिकांत आणि नाचगाण्यात अडकला, म्हणून तो वाचत नाही आणि विचार करत नाही, असे ते वाक्य. त्यावर टाळ्या पडतात. कार्यक्रम संपतो, वक्ता आणि श्रोते आपापल्या घरी जातात, आणि बहुतेक घरांत तीच मालिका लागलेली असते जिचा पुढचा भाग काय असणार हे शाळकरी पोरही सांगेल.

आम्हाला हे वाक्य अपुरे वाटते. लोकांना नावे ठेवून प्रश्न सुटत नाही. दिवसभर राबून आलेला माणूस शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा का बघतो, हा खरा प्रश्न आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: त्या ठरलेल्या गोष्टीत विसावा कोणाला मिळतो आणि तिची किंमत कोण मोजतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर नावाचे गाव आहे. नागराज मंजुळे या गावचे. वडार समाजात जन्मलेल्या या माणसाने महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या सर्वांत गोड ठरलेल्या गोष्टीचा शेवट बदलून दाखवला. पण तो प्रसंग नीट समजून घ्यायचा तर जरा मागे जावे लागेल.

विसाव्याची भूक आणि न्यायाची भूक

करमाळा हा मूळचा अवर्षणाचा तालुका. उजनीचे पाणी अडले तेव्हा नदीकाठची गावे त्या पाण्याखाली गेली, काही शिवारांत ऊस आणि केळी उभी राहिली, आणि बाकीचे शिवार आभाळाकडे बघत राहिले. अशा मुलखात ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचे जगणे म्हणजे रोजची अनिश्चितता. उद्या कामाला बोलावतील का, मुकादम उचल देईल का, पोराची फी भरता येईल का, यातले काहीच ठरलेले नसते. अशा माणसाला तीन तास अशा जगात बसायला मिळाले, जिथे सगळे ठरलेले आहे, तर तो का बसणार नाही? नायक मार खाईल पण शेवटी उठेल. आई रडेल पण पोरगा भेटेल. खलनायक कितीही माजला तरी शेवटच्या रिळात त्याची खोड मोडेल. जत्रेतल्या तंबूत असो, व्हिडिओवर असो की आता मोबाइलवर, हा करार मोडत नाही.

या करारात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पडद्यावर अन्याय करणाऱ्याला शिक्षा होतेच. गावात ती होत नाही. चावडीत, ठाण्यात, कोर्टात ज्याला न्याय क्वचित भेटतो, त्याला पडद्यावरचा हमखास न्याय गोड लागणारच. म्हणून ठरलेल्या गोष्टीची आवड म्हणजे अडाणीपणा, असे आम्ही मानत नाही. तिच्या मुळाशी न्यायाची भूक आहे. प्रश्न एवढाच, की ही भूक भागवायचे कंत्राट आजवर कोणाकडे होते.

गण, गौळण आणि कोणाचे तरी अंग

महाराष्ट्राच्या गावगाड्यातला सर्वांत पक्का ठरलेला खेळ म्हणजे तमाशा. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. बोर्डावर काय येणार आणि कशामागून येणार हे प्रेक्षकाला पाठ असते. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघणार, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवणार, मावशी तोंड चालवणार, सोंगाड्या फिरकी घेणार. विनोद जुनाच असतो. हसू मात्र दर वेळी नवे येते.

हा खेळ उभा केला कोणी? महार, मांग, कोल्हाटी आणि अशाच कष्टकरी, अस्पृश्य वा भटक्या ठरवलेल्या जातींच्या कलावंतांनी. त्यांचा गळा, त्यांची ढोलकी, त्यांचे पाय. उत्तर पेशवाईत लावणीला दरबारी आश्रय मिळाला, मोठमोठे शाहीर नावाजले गेले. सोलापूरचे राम जोशी त्यांतलेच. पण नाव झाले शाहिराचे आणि नजर पडली नाचणारीच्या अंगावर. गावचा पुढारी पुढच्या रांगेत बसून दौलतजादा करायचा, आणि ज्या घरातल्या बाईवर तो पैसे उधळायचा, त्या घरातल्या माणसाला त्याच्या विहिरीवर पाणी मिळत नसे. ठरलेल्या खेळाचा विसावा एकाचा आणि त्याचा भार दुसऱ्याच्या अंगावर, ही विभागणी सगळ्यांना इतकी सवयीची झाली होती की तीही खेळाचाच भाग वाटू लागली.

बाबासाहेबांनी या विभागणीवर बोट ठेवले. पठ्ठे बापूराव हे मूळचे कुलकर्णी, ब्राह्मण. त्यांच्या फडात पवळाबाई ही महार समाजातली नर्तिका. त्या फडाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ करण्यात आले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग आपल्या चळवळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. चळवळीला पैशाची निकड होती, तरी आमच्या आयाबहिणींच्या अंगावरून आलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. त्यांना कलेचा तिटकारा होता, असा याचा अर्थ काही जण लावतात. तो चुकीचा आहे. कारण त्याच काळात बाबासाहेबांच्या चळवळीने तमाशाचाच साचा हातात घेऊन एक नवा खेळ उभा केला होता.

जलसा: साचा तोच, शेवट आपला

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात कुणबी नवराबायकोला फसवणारा जोशी आहे आणि मधूनमधून त्याची लबाडी उघडी पाडणारा विदूषक आहे. विदूषक हे पात्र लोकांच्या ओळखीचे. जोतीरावांनी त्याला नवे काम दिले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढे त्या विचाराचे जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांतही आरंभी गण होता. पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला. वगात भटाभिक्षुकाची आणि सावकाराची फजिती होऊ लागली. प्रेक्षकाला आपण तमाशाच बघतो आहोत असे वाटे, आणि तो हसता हसता स्वतःच्या शोषणाचा हिशेब समजून घेई.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा. याच धामधुमीत आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी हे त्यातले आघाडीचे नाव. त्यांनी तमाशातली ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, सोंगाड्याची फिरकी ठेवली, वग ठेवला. काढून टाकले ते नेमके काय? बाईचे अंग दाखवून पैसा मिळवणे. शृंगाराची लावणी गेली. गणात देवाच्या जागी बाबासाहेबांचे, चळवळीचे स्तवन आले. मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, पाण्यावर हक्क सांगा, हे विषय वगात आले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला चळवळीतल्या घडामोडी ढोलकीच्या तालावर कळू लागल्या.

हे जलसेवाले लोकांच्या आवडीला हसले नाहीत. लोक रात्रभर बसतात ते ओळखीच्या क्रमाच्या ओढीने, हे त्यांनी हेरले होते. क्रम लोकांना हवा तसा दिला. शेवट मात्र आपला ठेवला. जुन्या वगात राजा न्याय करायचा आणि प्रजा त्याचा जयजयकार करायची. जलशाच्या वगात न्याय मागणारा स्वतः उभा राहायचा.

हीच रीत पुढे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या अमर शेखांनी, अण्णा भाऊ साठ्यांनी आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथकात चालवली. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य केले आणि आरंभीचे वंदन कष्टकऱ्याला केले. १९५६च्या धम्मक्रांतीनंतर गायन पार्ट्यांनी ती चालवली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी वस्तीवस्तीत पोचली. अनेक पार्ट्यांनी गाजलेल्या सिनेगीतांच्या चाली उचलल्या, म्हणून त्यांना नाके मुरडणारेही होते. पण चाल ओळखीची असली की दुसऱ्या ओळीला अख्खी वस्ती साथ देते. तोंडात चाल जुनी आणि शब्द भीमाचे, हा काही अपघात नव्हता.

पडद्यावर जात कुठे गेली?

तमाशाच्या जागी सिनेमा आला आणि ठरलेली गोष्ट हजारो पडद्यांवर एकाच वेळी दिसू लागली. त्यात एक गोष्ट सगळ्यांना प्यारी: मुलगा आणि मुलगी, मध्ये एक भिंत, आणि शेवटी भिंतीचे काहीतरी होते.

१९३६ साल घ्या. त्या वर्षी बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. तेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय, पण माणसे तो करत नाहीत कारण त्यांना जात पवित्र वाटते आणि ते पावित्र्य धर्मशास्त्रांतून येते, असे त्यांनी त्यात मांडले. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मुलगी एकमेकांवर प्रेम करतात. लग्न होत नाही. शेवटी मुलगी रेल्वेच्या रुळांवर जीव गमावते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. जात जिथली तिथे राहते. १९५९च्या ‘सुजाता’त अस्पृश्य मुलगी मरत नाही. पण तिला घरात मुलीचे स्थान मिळते ते मालकिणीला स्वतःचे रक्त दिल्यावर. म्हणजे आपल्या पोरीसमोर दोनच रस्ते: मरून सहानुभूती मिळवायची, नाहीतर त्याग करून लायकी सिद्ध करायची. पोलिसांत तक्रार देणारी, सभेत बोलणारी, बाबासाहेबांचा फोटो घरात लावणारी पोर त्या साच्यात बसत नव्हती.

पुढे तर जात शब्दच गायब झाला आणि त्या जागी श्रीमंत-गरीब आले. १९७३च्या ‘बॉबी’त श्रीमंताचा पोरगा आणि मासे विकणाऱ्याची पोरगी पाण्यात उडी घेतात आणि दोन बाप एकमेकांच्या लेकरांना वाचवतात. १९८९च्या ‘मैंने प्यार किया’त श्रीमंत पोरगा मजुरी करून स्वतःच्या कमाईचे पैसे आणून दाखवतो आणि मुलीचा बाप विरघळतो. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’त शेवटी बाप मुलीचा हात सोडतो आणि ती धावत्या गाडीत चढते. मुंबईच्या मराठा मंदिरात हा सिनेमा वर्षानुवर्षे चालत राहिला. शेवट पाठ असलेले लोक त्याच शेवटासाठी तिकीट काढत राहिले.

या शेवटाचे म्हणणे काय? बाप वाईट नसतो, फक्त रागावलेला असतो. थोडा धीर धरा, थोडा मार खा, घर तुम्हाला पोटाशी घेईल. वर्गाची भिंत अशी कधी कधी पडतेही, कारण गरीब उद्या पैसा कमावू शकतो. जात कमावता येत नाही आणि टाकताही येत नाही. म्हणून या साच्यातून जात वगळणे ही साधी विसर आहे असे आम्हाला वाटत नाही. जात ठेवली असती तर तो शेवट खोटा पडला असता.

जेऊरने काय केले

हेच सिनेमे जेऊर-करमाळ्याकडच्या पोरांनीही बघितले. त्यांच्यातलाच एक पोरगा पुढे कॅमेऱ्यामागे गेला. नागराज मंजुळेंचा ‘फॅन्ड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ला, म्हणजे प्रेमाचा म्हणून साजऱ्या होणाऱ्या दिवशी, प्रदर्शित झाला. कैकाडी घरातला जब्या वरच्या जातीच्या शालूवर मनोमन प्रेम करतो. प्रेमकथेची सगळी सामग्री आहे, पण साचा पहिल्यापासूनच नाकारलेला आहे. शेवटी सगळ्या गावासमोर डुक्कर धरावे लागलेला जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जाणकारांनी डोक्यावर घेतला.

२९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला, आणि इथे मंजुळेंनी जलसेवाल्यांचा डाव टाकला. त्यांनी साचा पूर्ण स्वीकारला. पाटलाची मुलगी, मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा, क्रिकेटचा सामना, दोन जिवलग मित्र, विहीर, केळीची बाग, चोरून पाहणे, चिठ्ठ्या, अजय-अतुलची गाणी आणि हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद. करमाळ्याच्या रानात हिंदी सिनेमाची सगळी श्रीमंती आणून ओतली. संथ गतीत केस उडवत धावण्याचा मान आजवर गोऱ्यागोमट्या नायकांचा होता. तो सावळ्या परशाला मिळाला. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवण्याचा मान आर्चीला मिळाला. अकलूजच्या शाळेत जाणाऱ्या रिंकू राजगुरूने ती उभी केली. मोठी नावाजलेली नटमंडळी नसलेला हा सिनेमा तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा मराठी चित्रपट ठरला.

सूचना आधीपासून पेरलेल्या होत्या. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कानाखाली पाटलाचा पोरगा मारतो, आणि त्याचे काही बिघडत नाही. पण गाण्यांच्या धुंदीत असलेला प्रेक्षक ते मागे टाकून पुढे जातो, कारण साच्याने त्याला शिकवले आहे की शेवटी सगळे नीट होते. मग पळून जाणे येते. हैदराबादची झोपडपट्टी येते, घाण संडास येतात, भांडणे येतात, कारखान्यातली मजुरी येते. प्रेम जिंकले की गोष्ट संपते असे सिनेमाने शिकवले होते. इथे प्रेम जिंकल्यावर स्वयंपाक करायचा असतो. तरी प्रेक्षक धीर धरतो. लग्नाची नोंद होते, मूल होते, स्वतःच्या घराची स्वप्ने सुरू होतात. आर्ची आईला फोन करते. भाऊ आणि नातेवाईक भेटवस्तू घेऊन दारात येतात. ‘बॉबी’च्या आणि ‘दिलवाले’च्या शाळेत शिकलेल्या प्रेक्षकाला आता पुढचे ठाऊक असते: माहेर वितळले, मिठी पडणार.

पुढे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. रक्तात भरलेली लहान पावले आणि पूर्ण शांतता. ना गाणे, ना पार्श्वसंगीत.

लोक सुन्न होऊन बाहेर पडले आणि पुन्हा तिकीट काढून आत गेले. यावर फार कोणी लिहिले नाही, पण आम्हाला ही त्या सिनेमाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. दुसऱ्यांदा बघताना शेवट ठाऊक असतो. मग पहिल्या अर्ध्या भागातले प्रत्येक गाणे वेगळे ऐकू येते. आर्चीची बुलेट बघून टाळ्या वाजवताना छातीत धस्स होते. ठरलेपणातून जो विसावा मिळायचा, त्याच ठरलेपणातून आता धाक मिळतो. साच्यानेच साच्याविरुद्ध साक्ष दिली.

दुसरी ठरलेली गोष्ट

पण हा शेवट मंजुळेंनी कल्पनेने रचला होता का?

१ जानेवारी २०१३. नेवासा तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. कारण आंतरजातीय प्रेम. २८ एप्रिल २०१४. करमाळ्याची शीव ओलांडली की जामखेड तालुका लागतो. तिथल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारण्यात आले. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावर ठपका होता. ‘फॅन्ड्री’ येऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते, आणि ‘सैराट’ आला तो नितीनच्या दुसऱ्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणजे या मुलखात आधीपासून दुसरी एक ठरलेली गोष्ट चालू होती. तिचाही क्रम पाठ आहे. पोरगा आपला, पोरगी त्यांची. आधी धमकी, मग मार, मग प्रेत. मग पुढाऱ्यांच्या भेटी आणि निवेदने, मोर्चे, आरोपपत्र. मग तारखा, मग फितूर साक्षीदार, मग निर्दोष मुक्तता. खर्डा प्रकरणात अनेक साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. निकाल ऐकून आपल्यापैकी किती जण दचकले? राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. शेवट ठाऊकच होता. जातिव्यवस्थेचे खरे बळ इथे आहे. ती अन्यायाला इतके ठरलेले करून टाकते की अन्याय झालेल्यालाही तो नेहमीचाच वाटू लागतो.

सोनईत मात्र हा क्रम मोडला. जानेवारी २०१८मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी धरून फाशी सुनावली. फाशीच्या शिक्षेविषयी चळवळीत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण दोष सिद्ध झाला. म्हणजे दुसऱ्या गोष्टीचा शेवटही दगडावर कोरलेला नाही.

साचा परत घेतला जातो

इथे सावध राहावे लागते, कारण बाजार आणि जात दोघेही हुशार आहेत. ‘सैराट’चा शेवट सोडून देऊन ‘झिंगाट’ तेवढे उचलले गेले. ज्या वराती जात बघून, गोत बघून, कुंडली बघून ठरलेल्या लग्नांच्या होत्या, त्यांत आंतरजातीय प्रेमाच्या सिनेमातले गाणे वाजले आणि कोणालाही त्यात विसंगती दिसली नाही. २०१८च्या जुलैमध्ये हिंदीत ‘धडक’ आला. गोष्ट उदयपूरला गेली, घरे चकचकीत झाली, आणि जात एखाद-दुसऱ्या उल्लेखापुरती उरली. मराठीत जो शेवट सुरा होता, तो हिंदीत नुसता धक्का झाला. तमाशाच्या काळी जसे ढोलकी आपली आणि दौलत त्यांची, तसेच इथेही झाले.

आपल्या अंगणातही डोकावूया. जयंतीचा आपला कार्यक्रमही आता ठरलेला आहे: हार, त्रिसरण-पंचशील, स्वागत, सत्कार, तेच वक्ते, तेच किस्से, मग मिरवणूक. त्यात मिळणारा विसावा खरा आहे. वर्षभर मान खाली घालायला लावणाऱ्या गावात एक दिवस मान वर करून नाचणे ही लहान गोष्ट नाही. मंजुळेंनीच २०२२च्या ‘झुंड’मध्ये जयंतीचा तो जल्लोष आणि बाबासाहेबांची तसबीर मोठ्या पडद्यावर मानाने आणली, आणि अमिताभ बच्चन त्या तसबिरीपुढे उभे राहिलेले देशाने पाहिले. पण जलसेवाल्यांचा प्रश्न आपल्याही जयंतीला लागू आहे. क्रम ओळखीचा असू द्या. शेवटी माणूस घरी काय घेऊन जातो?

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे दोन भागांत आहे.

पहिले, लोकांच्या आवडीला हिणवू नका, ती शिका. गायन पार्टी, पथनाट्य, रील, दोन मिनिटांचा विनोद, यांचे साचे लोकांना पाठ आहेत. त्यांत कर्डकांसारखे शिरा. हसवा, गाऊ द्या, आणि शेवट आपला लिहा. ज्यात बाईचे अंग विकावे लागते किंवा आपल्याच माणसाची टिंगल करावी लागते, तो साचा मात्र बाबासाहेबांनी नाकारला तसा नाकारा.

दुसरे, खर्ड्याच्या क्रमाचा शेवट बदलायला पडदा पुरणार नाही, तिथे कागद लागतो. ॲट्रॉसिटी कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६पासून लागू आहे. तिच्या कलम १५अ मध्ये पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क लिहिले आहेत: संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीची माहिती. साक्षीदार फितूर होतो तेव्हा त्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याच्या घरी पहिल्या दिवसापासून रोज कोणी गेले होते का, त्याच्यासाठी संरक्षणाचा अर्ज कोणी केला होता का, हे आधी विचारा. २७ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांविषयी निर्देश दिले. तुमच्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे बसतो, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. ती वाचून कोण कोणाला फोन करतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या तीस दिवसांत त्या पोरापोरीसोबत उभे राहणारे चार कार्यकर्ते तालुक्यात असलेच पाहिजेत.

जेऊरच्या माणसाने पडद्यावरची गोड गोष्ट मोडून खरी गोष्ट दाखवली. ती बघून आपण रडलो. आता खऱ्या गोष्टीचा शेवट गोड करायचा आहे: आर्ची फोन ठेवते, दारात नातेवाईक येतात, आणि शेजारी, कार्यकर्ते, कायदा असे सगळे आधीच घरात बसलेले असतात. चहा होतो, लेकरू शेजारणीच्या कडेवरून परत येते, आणि आईबाप त्याला उचलून घेतात. असा शेवट तालुक्यातालुक्यात इतका नेहमीचा व्हावा, की कोणाला त्यावर सिनेमा काढावासाही वाटू नये.

जय भीम.